टेलरताईचा टक्का

टेलरताई दारात उभी राहिली की दुकान बंद आहे असं समजावं, असं गल्लीत म्हणत. म्हणत कशाला, हे वाक्य मुळात तिचंच. लोक हसणारच असतील तर विनोद आपणच करून टाकावा, निदान तो बरा तरी होतो, असा तिचा हिशेब. दोन ठिकाणी लग्नाचं जमता जमता फिसकटलं, तेव्हाही ती म्हणाली होती, "सुटला बिचारा. माझ्या एका ब्लाउजला ताग्यातलं अर्धं कापड गेलं असतं." गल्ली हसली. तिसऱ्यांदा कोणी विचारायला आलं, तेव्हा तिनं दुकानातूनच हात हलवून नको म्हटलं. तेवढ्यासाठी नवा विनोद कुठून आणायचा?

शिवाय घरात धाकटा होता. आई गेली तेव्हा तो शाळेत, आणि ही नुकती शिलाई मशीनवर बसायला लागलेली. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या पायातला काटा काढण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. पुढे तो छापखान्यात लागला, लग्न झालं, भावजय आली. तिघं त्याच दोन खोल्यांत राहिली आणि पुढच्या खोलीत दुकान. भावजय तोंडानं तिखट, पण मनात काही ठेवायची नाही. नणंद-भावजयीचं भांडण व्हायचं ते धाकट्याच्या डब्यावरून, आणि धाकटा डबा घेऊन निघून गेला की संपायचं.

धाकट्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा आधी सगळ्यांना साधी कावीळ वाटली. मग पोट फुगलं, पाय सुजले. लिव्हर गेलं म्हणाले, कधीकाळच्या काविळीनं आतून पोखरून ठेवलं होतं. गडी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, पण लोकांनी ती त्याच्या नावावर मांडलीच. लोकांचं काय जातं?

घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, असं सर्जननी सांगितलं. भावजयीचं रक्त जुळेना. ताईचं जुळलं. ती लगेच पदर खोचून तयार. "काढा. माझ्याकडे सगळंच जास्तीचं आहे."

सर्जन हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग रिपोर्टाकडे पाहत बोलले. "तुमच्या लिव्हरवर चरबी साचलीय. अंगातही जवळजवळ निम्मी चरबीच आहे, पंचेचाळीस टक्के. अशा माणसावर सुरी चालवली तर दोघंही हातचे जातील. तेहतिसाच्या खाली आणा, मग बघू. सहा महिने आहेत. सावकाश, पण नेमानं."

चरबी हा शब्द ताईनं जन्मभर वेगळ्याच अर्थानं वापरला होता. ठरवून दिलेल्या गळ्यात घरी नेल्यावर खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकाला ती मागून म्हणायची, "चरबी चढलीय मेलीला." चरबीचेही टक्के असतात हे तिला नवीन होतं. तिनं टक्का तिथेच सोडला आणि घरी आणलं फक्त 'कमी करा' एवढंच. चूक इथेच सुरू झाली.

हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी तिला नीट समजावलं होतं. रोज अंडी खा, दूध घ्या, डाळी-कडधान्यं खा, पाण्यानं भरलेल्या बाटल्या हातात धरून व्यायाम करा, आणि दर महिन्याला इथे येऊन माप द्या. ताई मान हलवत होती. बाहेर आल्यावर भावजयीला म्हणाली, "खाऊन कोणी बारीक झालेलं बघितलंयस? कापड कमी करायचं तर कात्री लावावी लागते. आणखी कापड जोडून कमी होतं का?"

"ताई, त्या शिकलेल्या आहेत," भावजय म्हणाली.

"आणि मी इतकी वर्षं मापं घेतेय ती काय गंमत म्हणून?"

खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, असं एक एक माणूस असतं. ही त्यातली. सकाळी कोमट पाणी, दुपारी उकडलेल्या भाजीचं पाणी आणि चमच्यांनी मोजावी इतकी भाजी, रात्री पुन्हा पाणी. भावजयीनं समोर ठेवलेलं अंडं ती ओच्यात दडवायची आणि बाहेरच्या कुत्र्याला घालायची. कुत्रं तेवढं गुटगुटीत झालं. बाटल्यांचा व्यायाम दोन दिवस झाला, मग हात वर उचलेनात. मशीनचं पायडल मारताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती कपाळ मशीनच्या थंड लोखंडाला टेकवून बसायची आणि अंधारी गेली की पुन्हा टिप मारायला घ्यायची. पोटात कावळे ओरडत. ती त्यांनाही म्हणायची, ओरडा बाबांनो, माझ्या भावासाठी ओरडा.

आणि टेप खरंच सरकत होती. दर आठवड्याला दाराला कडी लावून, आरशासमोर उभी राहून ती स्वतःचं माप घ्यायची. कंबर उतरली, दंड उतरला, छाती उतरली. स्वतःचे ब्लाउज उसवून आत घेण्यात तिला जो आनंद व्हायचा, तो दुसऱ्याचा कपडा शिवताना कधी झाला नव्हता. गल्ली चकित. जन्मभर जिला हसले तिलाच बायका विचारू लागल्या, "ताई, काय करता हो? आम्हालाही सांगा ना." ती सांगायची नाही. गंमत म्हणजे, हेवा वाटावा अशी ती पहिल्यांदाच झाली होती, आणि कारण काय, तर भाऊ मरणाच्या दारात.

दर महिन्याच्या मापाला मात्र ती गेली नाही. एकदम सगळं उतरवून मगच जायचं, सर्जनला तोंडात बोट घालायला लावायचं. गिऱ्हाइकानं हातापाया पडून मागितला तरी ट्रायल घेतल्याशिवाय कपडा हातात न देणारी ही बाई. स्वतःची ट्रायल तिनं एकदाही दिली नाही.

सहाऐवजी तीन महिन्यांतच ती गेली. धाकट्याला आता आधार देऊन बसवावं लागत होतं. तोही हट्टानं बरोबर आला. आहाराच्या बाई तिला बघून खुर्चीतून उठल्याच. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे ताईच्या लक्षात आलं आणि तिला त्याचा राग आला.

बाईंनी आधी चिमटा घेतला. दंडाच्या मागे, कुशीत, मांडीवर कातडी चिमटीत पकडून तिची जाडी बघायची, असलं ते माप. ताईच्या पोटावरची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. चिमट्यात ती घडीवर घडी येत होती आणि आकडा चढत होता.

"थांबा," ताई म्हणाली. "ही चरबी नाही. ही माया आहे."

"काय आहे?"

"माया. शिवणीच्या आत कापड राखून ठेवतो ना आम्ही, उद्या अंग भरलं तर सैल करता यावं म्हणून? त्याला माया म्हणतात. आतलं सगळं गेलं, कातडीची माया तेवढी राहिलीय. माया धरून कधी माप घेतात का?"

बाईंनी ती कातडी पुन्हा बोटांत धरून पाहिली. मग चिमटा खाली ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. इतकं वजन उतरल्यावर हा चिमटा फसवतो. आपण यंत्रावर बघू."

ताईनं वळून धाकट्याकडे पाहिलं. बघ, कशी जिरवली, असं तिच्या डोळ्यांत होतं. धाकटा हसला. नंतर पुष्कळ दिवस तिला ते हसू आठवून जेवण जायचं नाही.

अनवाणी पायांनी ती यंत्रावर उभी राहिली, दोन्ही हातांत दांडे धरले. यंत्रानं बारीक आवाज केला. बाईंनी तिला उतरवून पुन्हा उभं केलं. आकडा तोच आला. बेचाळीस.

"यंत्र बिघडलंय," ताई म्हणाली. "माझी कंबर किती उतरलीय, टेप आणा."

"टेप खोटं बोलत नाहीय, ताई. कंबर उतरलीय, वजनही उतरलंय. पण तुम्ही खाल्लं नाहीत. अंग उपाशी राहिलं की ते नुसती चरबी खात नाही, मांसही खातं. चरबी गेली तसं मांसही गेलं. शंभरातली जेवढी चरबी, तेवढीच जवळजवळ राहिली. बाई बारीक झाली, टक्का नाही झाला."

लिव्हरची तपासणी झाली त्यात आणखी वाईट निघालं. उपासानं तिथली चरबी उलट वाढली होती. सर्जननी या वेळी तिच्याकडे बघूनच सांगितलं, तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. "आता तुम्हाला टेबलावर घेतलं तर तुम्ही उठणार नाही. आधी खाऊन अंगात ताकद आणा. आजपासून तीन महिन्यांनी या."

"आणि त्याला तीन महिने आहेत का?" ताईनं विचारलं.

सर्जननी धाकट्याकडे पाहिलं आणि पुन्हा रिपोर्ट उघडला.

घरी आल्यावर भावजय दारातच उभी होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंडी कुत्र्याला घालत होता ना तुम्ही? मला माहीत होतं. मला वाटलं, ताईंना कळतं." एवढं बोलून ती आत गेली आणि त्यानंतर तिनं पुष्कळ दिवस ताईशी शब्द काढला नाही. ताईला ती रडली असती, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोष खरा होता, तो कोणी खोडून काढणार नव्हतं. सांगितलं तसं सावकाश खाल्लं असतं तर भाऊ कदाचित वाचला असता. हे वाक्य ताईच्या डोक्यात जे शिरलं ते मुक्कामालाच.

आता खायचं म्हटलं तर खाल्लेलं ठरेना. पोट विसरूनच गेलं होतं. तेव्हा धाकट्यानं ते काम अंगावर घेतलं. खाटेवर उशीला टेकून तो बसायचा, पिवळ्या पडलेल्या, थरथरणाऱ्या बोटांनी अंडं सोलायचा. कवचाबरोबर निम्मं पांढरंही निघून यायचं. उरलेलं तिच्या तोंडापुढे धरायचा.

"खा, ताई."

"जात नाही रे."

"मला लिव्हर पाहिजे. खा गुपचूप. आणि तारखेला जायचं, चुकवायचं नाही. शप्पथ घे."

तिनं त्याची शपथ घेतली आणि अंडं गिळलं. मग दुधाचा पेला. मग भिंतीला हात टेकून उठाबशा, तो मोजायचा; मोजता मोजता मध्येच त्याला डुलकी लागायची आणि ती तशीच वाकून त्याच्या पुढच्या आकड्याची वाट बघायची. तिचे दंड भरू लागले. त्याचा आवाज खाली खाली जात होता. भरणाऱ्याला आणि आटणाऱ्याला एकाच खोलीत बसवून ठेवावं, याहून वाईट शिक्षा देवाला सुचली नसती.

तारखेच्या आधीच तो गेला. दुपारची वेळ, ताई दुधाचा पेला घेऊन आली आणि पेला हातातच राहिला.

त्यानंतर तिनं खाणं सोडलं. आता कोणासाठी? दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी भावजय ताट घेऊन समोर बसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "जेवा."

"कशाला?"

"ते मला म्हणाले होते. म्हणाले, मला काही मिळणार नाही हे मला माहीत आहे. पण मी मागत राहिलो तरच ती खाईल. मी गेल्यावर तू तिला उपाशी मरू देऊ नकोस." भावजयीनं ताट पुढे सरकवलं. "मला तुमचा राग आहे, ताई. अजून आहे. पण जेवा."

दोघीही रडल्या, आणि रडत रडतच ताई जेवली.

तारखेला ती गेली. शपथ मेलेल्याची असली म्हणून मोडायची का? आहाराच्या बाई रजेवर होत्या, त्यांच्या जागी एक नवी मुलगी होती, हसऱ्या चेहऱ्याची. लिव्हर देणार, टक्का तेहतिसाच्या खाली हवा, एवढंच तिनं कागदावर वाचलेलं; बाकी तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं ताईला यंत्रावर उभं केलं, दांडे हातात दिले. यंत्रानं बारीक आवाज केला.

"बत्तीस!" मुलगी जवळजवळ टाळीच वाजवणार होती. "कमाल केलीत हो! आता काही अडचण नाही, तुम्ही देऊ शकता. पेशंट कोण आहेत तुमचे?"

"धाकटा भाऊ."

"मग आधी त्यांना कळवा. किती आनंद होईल त्यांना!"

"कुठं कळवू ग त्याला?" ताई म्हणाली. यंत्रावरून ती खाली उतरली आणि तिथंच, अनवाणीच, फरशीवर बसली.