शर्यतीआधीचं सुतक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं.

मी मुळात बोलणारी बाई नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. पलूसजवळच्या आमच्या गावात बचत गटाची बैठक असली की मी भिंतीकडेला बसायची, सही करायची आणि उठायची. एकदा त्या बैठकीला सांगलीहून एक डॉक्टरीणबाई आल्या. साताऱ्याला डोंगरावरची शर्यत असते, तिथं बायकांनी पळायचं. पळणाऱ्यांच्या नावानं लोक जे देतील त्यातून दवाखान्यात एक खोली बांधायची — कॅन्सर झालेल्या लहान पोरांच्या आयांसाठी. पोरं वॉर्डात असतात आणि आया जिन्यावर निजतात, असं त्या म्हणाल्या. कोण येणार पळायला?

आणि माझा हात वर गेला. माझा! कसा गेला, मलाच कळलं नाही. लहानपणी मी खूप पळायची. चौथीनंतर शाळा सुटली, तसं पळणंही सुटलं.

बायका हसल्या. मग शेजारी बसलेल्या सुरेखानं हात वर केला. सुरेखा माझी धाकटी जाऊ. दीर मिलिटरीत, ती इथं आमच्यात. म्हणाली, "आक्का एकली कशी जाईल? मी बी येती."

माझ्यासाठीच म्हणाली ती. पण सुरेखाची पहिली पोरगी, चिमी, त्याच आजारानं गेलेली. त्या जिन्यावर सुरेखा स्वतः निजलेली आहे. डॉक्टरीणबाईंना हे कुणीतरी सांगितलं, तशा त्या उठल्या आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. हात आधी मी वर केला होता — पण तेव्हापासून ती शर्यत सुरेखाची झाली. जिची पोरगी गेली, अशा आईचा मत्सर करता येतो का? मला आला.

पहाटे आम्ही कालव्याच्या कडेनं पळायचो. आधी साडी खोचून, मग पंजाबी ड्रेस घालून. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या दारात उभ्या राहून शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "बगा गं बया, माज्या सुना रेसला लावल्यात!" पण आम्ही परत येईपर्यंत आंघोळीचं पाणी तापवून ठेवायच्या.

सुरुवातीला मी पुढं असायची. मागून सुरेखाची धाप ऐकू यायची, आणि काय सांगू — जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मागं होतं. मग दिरांनी कॅन्टीनमधून तिला बूट पाठवले. माझ्या पायात पोराचे शाळेचे कॅनव्हासचे, पुढं कापूस कोंबलेले. माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं, गुडघा धरला, आठवडाभर मी घरीच बसले. परत निघाले तेव्हा सुरेखा पार पुलापर्यंत जाऊन पोचलेली असायची. बुटांमुळं म्हणू? नाही. ती चांगलीच पळत होती.

पुढं जाऊन ती माझ्यासाठी उलट यायची. "चला आक्का, जमतंय," म्हणायची आणि माझ्या चालीनं पळायची. तिनं खुशाल पुढं जायचं होतं. हे परत येणं मला सोसायचं नाही.

एकदा सरावासाठी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला साताऱ्याच्या घाटात नेलं. त्या दिवशी सुरेखाच्या कुशीत कळ आली, ती मागं राहिली. मी एकटी चढत गेले. खाली धुक्यात सातारा, वर ऊन, पाय आपोआप पडत होते. त्या घाटात मला कुणाचाच राग आला नाही. वर पोचले. डॉक्टरीणबाई तिथं उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि विचारलं, "सुरेखा कुठं आहे?"

गावानं मदत केली ती चिमीच्या नावानं. चौकात फलक लागला, त्यावर सुरेखाचा फोटो. माझाही लावणार होते. मीच नको म्हणाले, लाजले. आणि नाही लावला म्हणून मोरीत जाऊन रडले.

आता ते सांगते. — पण आधी सुतकाचं सांगायला हवं. आमच्यात भावकीत कुणी गेलं की सुतक लागतं, पण ते कानावर आल्यावर. म्हणून घरात लग्नकार्य काही ठरलेलं असलं की लांबची भावकी मुद्दाम कळवत नाही. कळवलंच तर एखाद्याला, आणि तो ते पोटात ठेवतो. कुणी त्याला खोटं म्हणत नाही. चांगुलपणाच म्हणतात.

रविवारी शर्यत होती. शुक्रवारी सकाळी मला फोन आला. नवरा कारखान्यावर होता, त्यांनी उचलला नाही म्हणून मला. म्हसवडचे चुलत सासरे, तात्या, गेले होते. सोप्यात आत्ती शेंगा फोडत होत्या, सुरेखा पिशवी भरत होती, शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. मी बाहेर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्ती, म्हसवडचं तात्या गेलं की वं!"

आत्तींचे हात थांबले. "मुकी म्हून तुजी वळख," त्या म्हणाल्या, "आन आजच कसं गं तोंड फुटलं तुला?"

मग काय व्हायचं ते झालं. तात्यांची राख निवली नाही आणि ह्यांच्या सुना छातीला नंबर लावून पळतायत — लोक काय म्हणतील? डॉक्टरीणबाईंनी फोनवर विनवून पाहिलं. दीरही म्हणाले, यंदा राहू दे. सुरेखानं पिशवी उलटी केली, कपडे घडी घालून ठेवले. सगळे म्हणाले, भोळी आहे थोरली, घाबरून बोलून गेली. मी रडत होते. सुरेखा माझ्याजवळ येऊन बसली. "रडू नगा आक्का. तुमचं बी राह्यलंच की. तुमी तर माज्या आधी हात वर केलावता."

तिला ते आठवत होतं. तिला एकटीलाच.

मी घाबरून बोलले नव्हते. फोनवर तात्यांचा मुलगा दत्ता होता. बाप गेलेला माणूस, आणि त्यानं मला सांगितलं, "वैनी, दादांला तेवडं सांगा. आत्तीला आन सुरेखा वैनींला रविवार हुईस्तवर कळू दिऊ नगा. चिमीसाटी पळत्यात त्या. हितलं आमी बगतो." मी बरं म्हणाले. फोन ठेवला. आणि लगेच बाहेर गेले नाही. चहा टाकला. तो गाळला. काकू रोज त्या वेळेला ताक न्यायला येतात. त्या येईपर्यंत थांबले. बाहेरच्या माणसानं ऐकलं की ते झाकता येणार नाही, एवढा विचार मी केला होता.

दहाव्याला म्हसवडला गेलो, तेव्हा दत्तानं मला बाजूला गाठलं. "वैनी, मी सांगितलं हुतं न्हवं?" मी म्हणाले, "रेंज नव्हती भावजी, निम्मं ऐकूच आलं नाही." त्यानं मान हलवली.

दवाखान्यातली खोली झाली. गावानं दिलेलं पोचलं. सुरेखा पुढं दिरांबरोबर क्वार्टरला गेली. पुन्हा पळाली नाही.

त्या रविवारी ती सवयीनं अंधारात उठली. अंगणात गेली. शर्यत सुटायची वेळ झाली तशी जागच्या जागी थोडे पाय उचलले, अगदी हळू, आत्तींना ऐकू जाऊ नये म्हणून. मग थांबली आणि पदर तोंडावर धरला. मी खिडकीतून बघत होते. त्या वेळी मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.