अर्धा रस्ता

माझी आत्या शहर बस चालवायची. हात इतका हलका, की कंडक्टर म्हणायचा, "ताई, तुमच्या गाडीत लोक पेंगतात आणि उतरायचं विसरतात."

अर्धशिशी तिला लग्नाआधीपासूनची. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला थोड्या वेळाने ऐकूही येत नाही. तिला मात्र प्रत्येक ठोका पहिल्यासारखाच लागायचा. शेवटी मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, त्यातला सेलच काढून टाकला.

त्यांनीच तिला आग्रहाने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तिच्या डोक्याला वायरी लावल्या आणि पडद्यावर काळे-पांढरे चौकोन लुकलुकवले.

"त्याच त्या गोष्टीला बहुतेकांचा मेंदू सरावतो आणि हळूहळू लक्ष काढून घेतो," त्या म्हणाल्या. "तुमचा सरावत नाही. डोकं दुखत नसतानाही नाही. उलट, दर वेळी त्याचा प्रतिसाद वाढतच जातोय."

"म्हणजे सासूबाईंचे टोमणे शेवटपर्यंत का झोंबले, ते आज कळलं!"

बाई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "गाडी चालवताना नजरेत काही होतं?"

"छे हो."

होत होतं. डोळ्यांपुढे आधी एक चमकता ठिपका यायचा, मग त्याची करवतीच्या दातांसारखी थरथरती कड पसरायची. दुखणं त्यानंतरचं. पण स्टिअरिंग सुटलं तर आपण कोण उरणार, याचीच तिला धास्ती होती.

हिवाळ्यात तिला कालव्याकाठचा मार्ग मिळाला. एका रेषेत लावलेली उंच झाडं आणि त्यांच्या आडून येणारं उतरतं ऊन. उजेड, सावली, उजेड, सावली. ती काळा चष्मा लावू लागली. एकदा थांब्याची पाटी तिने मोठ्याने वाचली, पण अर्धीच. कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी झाडं सुरू होताच ठिपका आला. गाडी खचाखच भरलेली. 'दोन थांबे तर आहेत, रेटू,' असं तिने ठरवलं. कड पसरत गेली. डावीकडे काळोख वगैरे काही झाला नाही. रस्ता स्वच्छ, मोकळा दिसत होता.

"ताई, ब्रेक!"

तिने पाय दाबला. माणसं एकमेकांवर आदळली. समोर अजूनही कुणी नव्हतं. तिने मान पूर्ण डावीकडे वळवली, तेव्हा कुठे एक बाई दिसली: सायकल घट्ट धरून उभी, चेहरा पांढराफटक, पुढचं चाक बसला टेकलेलं.

जे दिसत नव्हतं, तिथे तिच्या मेंदूने मोकळा रस्ता भरून टाकला होता. आत्याने इंजिन बंद केलं. "सगळ्यांनी उतरा," ती म्हणाली. "ही गाडी मी आता पुढे नेणार नाही."

डेपोत जाऊन तिने साहेबांना आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. परवाना गेला. आता ती सुट्या भागांच्या खोलीत बसते. औषधांनी दुखणं पुष्कळ कमी झालंय.

परवा आम्ही दोघी रस्ता ओलांडत होतो. एकही गाडी नव्हती. मी पाऊल टाकलं, तशी तिने माझं मनगट आवळलं.

"अगं, मोकळा तर आहे रस्ता!"

"तुला दिसतोय ना मोकळा?" ती म्हणाली. "मग पुन्हा एकदा बघ."