जुन्या अंकांतला गुडघा

“बघू, आज कुनाचा गुडघा गावतोय.” असं म्हणत काका खुर्ची ओढायचे, स्वतःच्या गुडघ्यावर दोन थापा मारायचे आणि जुन्या अंकांची बांधीव फाईल उघडायचे. विश्रामबागेतल्या आमच्या वाचनालयात अकरा वाजले, हे त्यावरून कळायचं.

तुमच्याही वाचनालयात असे काका असतील, पेपर तोंडावर धरून पंख्याखाली डुलकी काढणारे. हे त्यातले नव्हते. मिरजेच्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस जुन्या साप्ताहिकांत आणि मासिकांत एकच शब्द शोधायचा, गुडघा. लाकडी पट्टी ओळीखाली सरकवत वाचायचे. गुडघा आला की पट्टी थांबायची आणि ते वाक्य पाठकोऱ्या चिठ्ठीवर उतरायचं. पाठीमागे आम्ही त्यांना गुडघेकाका म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मला आधी तो म्हातारपणाचा चाळा वाटला. चिठ्ठ्या वाचायला लागले आणि मीच अडकले. पुराच्या बातमीत कृष्णा आधी गुडघाभर यायची, पुढच्या अंकात कंबरभर. एक संपादक दुसऱ्याची अक्कल गुडघ्यात काढायचा, दुसरा आठवडाभराने ‘आम्ही गुडघे टेकणार नाही’ म्हणून उत्तर द्यायचा. तेलाच्या जाहिरातीतल्या बाईचे केस हमखास गुडघ्यापर्यंत. मासिकांतल्या नायिका तर उठसूट गुडघ्यांत डोकं खुपसून रडायच्या.

“आता कुनी तसं रडत न्हाई,” काका म्हणाले. “घरोघर सोफं आलं. सोफ्यावर गुडघ्यात डोकं घालाय जमत न्हाई, ताई.”

मी घरी जाऊन करून पाहिलं. खरंच जमत नाही.

गुडघाच का, असं एकदा विचारलं तेव्हा त्यांनी वडिलांचं, आप्पांचं, सांगितलं. वडील पैलवान, कराडकडच्या एका गावचे. यात्रेच्या मैदानात शेवटची कुस्ती त्यांची होती. तेच मारणार, याबद्दल गावाला शंका नव्हती. आणि दोन मिनिटांत ते पाठीवर पडले. गुडघा निखळला म्हणाले. गाव म्हणालं नूरा, म्हणजे कुस्ती ठरवून हरला. पुढे ते जन्मभर लंगडले, तर गावाने त्यालाही सोंग म्हटलं. त्या मैदानाची बातमी कुठल्या तरी अंकात आली असणार आणि तिच्यात गुडघा असणार, या आशेवर काका अंकामागून अंक चाळत होते. बाकीचे गुडघे वाटेत भेटले म्हणून जमवले.

“आणि तुम्हाला काय वाटायचं?” मी विचारलं. त्यांनी पान उलटलं.

गेल्या वर्षी आम्ही जुने अंक स्कॅन करायला घेतले. एका साप्ताहिकाचं शेवटचं पान काचेवर ठेवताना माझी नजर ‘जाहीर आभार’ या चौकटीवर गेली. यात्रेच्या कुस्तीत माझा उजवा गुडघा निखळला, मिरजेच्या एका हाडवैद्यांनी तो कुशलतेने बसवला, आता मी पूर्ण बरा आहे, तरी गरजूंनी लाभ घ्यावा. खाली वडिलांचं नाव आणि गाव.

ही फाईल काकांनी दोनदा पालथी घातली होती. मी त्यांना पान दाखवलं तेव्हा ते ओशाळले. ‘जाहीर आभार’ आले की ते पट्टी आडवी धरून ती चौकट झाकायचे आणि पुढे जायचे. कारण दवाखान्यात असले आभार त्यांनी स्वतःच लिहिले होते, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, ढिगाने. “पेशंट खाटंवर कण्हत असायचा आन हिकडं त्येचं आभार छापून यायचं,” ते म्हणाले. “असलं कोन वाचतंय?”

मग त्यांनी ते तीनदा वाचलं. मला भीती वाटली की यावरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

“‘पूर्ण बरा आहे’ हे खोटं,” ते सावकाश म्हणाले. “हे वैद्यानंच लिवलंय. पर ताई, न निखळलेला गुडघा कोन बसवंल?”

चष्मा काढून ते सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

यंदाच्या यात्रेला ते मला गावी घेऊन गेले. मैदान सुरू व्हायच्या आधी त्यांनी निवेदकाकडून माईक मागून घेतला आणि सगळी चौकट वाचली, वैद्याच्या तारिफेसकट. पोरसवदा पैलवान हसले. काकाही थोडं हसले, मग कागदाची घडी घातली.

“एक ऱ्हायलं,” ते म्हणाले. “आप्पा त्या दिवशी घरी आलं, तवा घरात नूरा हा शबुद पैल्यांदा मीच काढला. आईसुदिक बोलली न्हवती. आप्पांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी कवाच माफी मागितली न्हाई. आज मागतो.”

हलगीवाल्यांनी काड्या खाली घेतल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. काका चपला काढून लाल मातीत उतरले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हात जोडून उभे राहिले. कुणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. महिनाभराने मी फोन केला. अजून पुष्कळ फाईली राहिल्यात, म्हटलं, खुर्ची रिकामी आहे.

“ऱ्हाऊ द्या, ताई,” ते म्हणाले. “आप्पांचा फोटू इतकी वर्सं ट्रंकंत हुता. भितीवर लावलाय. आता घरीच बसतो, त्यांच्याम्होरं.”