सुकलेल्या ग्रंथी

नंदनवनातल्या एका खाजगी नर्सिंग स्कूलमध्ये चारुशीला मॅडम बावीस वर्षं शरीररचना शिकवत होत्या. मुली बहुतेक उमरेड, कुही, काटोल या बाजूच्या. इंग्रजी पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे पडायचे, म्हणून मॅडम पुस्तक मिटूनच ठेवायच्या. लाळग्रंथींच्या धड्याला त्या फळ्यावर माणसाचं तोंड बाजूनं काढायच्या आणि म्हणायच्या, “आता प्रत्येकीनं चिंच आठवा. मीठ लावलेली.”

पाच सेकंदांत सगळा वर्ग आवंढे गिळायला लागायचा.

“बघा, खाल्लं काहीच नाही, तरी ग्रंथी कामाला लागल्या. आता जिभेचं टोक वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाला लावा. बारीक उंचवटा लागतो का? ते पॅरोटिडच्या नळीचं तोंड. ही ग्रंथी कानासमोर बसलेली असते, सगळ्यांत मोठी. जेवताना पातळ पाणी हीच सोडते. जबड्याखालची दिवसभर थोडं थोडं सोडत राहते, म्हणून आपण बोलू शकतो. जिभेखालची घट्ट, चिकट लाळ करते, म्हणून घास घसरतो. आणि ओठांत, गालांत, टाळूला अशा शेकडो बारीक ग्रंथी आहेत, त्यांची कुणी आठवणही काढत नाही. सगळ्या मिळून दिवसाला लिटर-सव्वा लिटर लाळ करतात. ती नसेल तर चव लागत नाही, दात टिकत नाहीत, शब्द निघत नाहीत.”

परीक्षेत इतर प्रश्न गाळणाऱ्या मुलीसुद्धा या प्रश्नाला पूर्ण मार्क घ्यायच्या.

मॅडम एकावन्न वर्षांच्या होत्या तेव्हा पोळीचा घास टाळूला चिकटायला लागला. सुरुवातीला त्यांनी लक्ष दिलं नाही. मे महिना होता, आणि मे महिन्यात नागपुरात कुणाचं तोंड ओलं असतं? जून गेला, पावसाळा गेला, थंडी आली, तरी पाण्याची बाटली हातातून सुटेना. एका तासाला चारदा घोट घ्यावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, पाळी जाण्याचं वय आहे, टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले, चहा कमी करा.

घरात त्या आणि त्यांचे मिस्टर वसंतराव, दोघंच. वसंतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, माणूस शांत आणि खाण्याचा शौकीन. मुलगा केयूर नोकरीसाठी बेंगळुरूला. दर रविवारी सकाळी वसंतराव स्वतः जाऊन तर्री पोहे बांधून आणायचे आणि दोघं गॅलरीत बसून खायचे. त्या हिवाळ्यात तर्रीचा पहिला चमचा जिभेला लागला आणि मॅडमना चटका बसल्यासारखं झालं.

“अहो, आज किती तिखट आहे ही.”

“रोजचीच आहे,” वसंतराव म्हणाले. “तुलाच काहीतरी होऊन राहिलं आहे. दाखव कुणाला तरी नीट.”

त्या रविवारपासून मॅडम कोरडे पोहे दुधात भिजवून खायला लागल्या. याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, आणि तिचं घरात कौतुकच झालं. कांदा चिरताना त्यांच्या डोळ्यांना पाणी येईना. वसंतराव म्हणाले, “आता कांदे तूच चिरत जा, तुला चावतच नाहीत.” दोघं हसले. मॅडमचे डोळे मात्र सतत खुपायचे, पापणीखाली वाळू गेल्यासारखे. त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

पुढची दोन वर्षं दातांत गेली. दात हिरडीलगत किडायला लागले, एकामागून एक. डेंटिस्टनं ब्रश करायची पद्धत समजावून सांगितली. मॅडम खाली मान घालून ऐकत राहिल्या. आपण स्वतः मुलींना काय शिकवतो, लाळ नसेल तर दात टिकत नाहीत, हे त्यांना त्या खुर्चीत बसून आठवलं नाही, याची पुढे त्यांना फार लाज वाटली. इतकं हळूहळू आलं होतं सगळं, की त्यांना ते दुखणं वाटलंच नाही, वयच वाटलं.

मग एका सकाळी उजव्या कानाखाली गाल सुजला. शेजारीण म्हणाली, गालगुंड आहे. मॅडमनी आरशासमोर उभं राहून स्वतःच बोटांनी चाचपलं. कानासमोरून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत आलेली, कणकेच्या गोळ्यासारखी सूज. ही जागा त्यांनी हजारदा फळ्यावर काढली होती. कोरडं तोंड, खुपणारे डोळे, किडलेले दात, सगळं एका ओळीत लागलं. मग वसंतरावांना हाक मारून म्हणाल्या, “अहो, मला सांधेवाल्या डॉक्टरकडे घेऊन चला.”

“सांध्याचा काय संबंध?”

“आहे. शरीर स्वतःवरच उलटतं ते आजार हेच डॉक्टर बघतात. चला तुम्ही.”

डॉक्टर विश्वनाथ हे धंतोलीतले म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी रक्त तपासायला लावलं, डोळ्यांच्या कडेला कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटं बघितलं, पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर भिजली. मग खालच्या ओठाच्या आत छोटी चीर देऊन चार-पाच ग्रंथी काढून तपासायला पाठवल्या. मुगाच्या दाण्यापेक्षाही लहान. ज्यांची कुणी आठवण काढत नाही म्हणून मॅडम वर्गात सांगायच्या, त्याच.

रिपोर्ट आला. श्योग्रेन नावाचा आजार. शरीराच्या पांढऱ्या पेशी शत्रू समजून स्वतःच्याच लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथी खात सुटतात.

“गेलेल्या ग्रंथी परत येतात का, डॉक्टर?” वसंतरावांनी विचारलं.

“नाही.”

“मग औषध?”

“ज्या थोड्या उरल्यात त्यांना डिवचणारी गोळी आहे. देऊन बघू. पण मॅडमना मी काय सांगणार, त्यांना सगळं माहीतच आहे.”

गोळीनं घाम सुटला. एप्रिलमध्ये मॅडम वर्गात उभ्या राहायच्या तेव्हा पाठीवरून पाण्याच्या धारा लागायच्या, ब्लाउज चिकटायचा, आणि तोंड मात्र तसंच कोरडं. दीड महिन्यात त्यांनी ती गोळी सोडली. वसंतराव तेवढ्या काळात दोन गोष्टी शिकले. ते वरण पातळ करायला शिकले, आणि आपल्या ताटातली पोळी मोडायच्या आधी तिच्या ताटातली कुस्करून द्यायला.

डिसेंबरात एका सकाळी वसंतराव आंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. दार तोडावं लागलं. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला.

अकरा वाजेपर्यंत घर माणसांनी भरलं. वसंतरावांची धाकटी बहीण वैदेही गांधीबागेतून आली. तिच्या मिस्टरांचं तिथे कापडाचं दुकान. तिनं भावाच्या छातीवर डोकं टेकून हंबरडा फोडला, आणि तिच्याबरोबर सगळ्या बायका रडल्या. मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडायचं त्यांनाही होतं. डोळ्यांची नुसती आग होत होती. पापण्या बुबुळांना चिकटत होत्या. उघडमीट केली की ओरखडा निघाल्यासारखं व्हायचं.

शेवटी असह्य झालं तेव्हा त्या उठून आतल्या खोलीत गेल्या, कपाटातून थेंबांची बाटली काढली आणि मान वर करून दोन्ही डोळ्यांत औषध घातलं. ते ओघळून गालांवर आलं. त्या वळल्या तर दारात वैदेही उभी होती.

वैदेही तशीच मागे वळली. बाहेर जाऊन तिनं मोठ्या जावेला हळूच सांगितलं, “दादा गेला, आणि वहिनी डोळ्यांत बाटलीतलं पाणी घालून बसली बघा.”

ते वाक्य तेराव्यापर्यंत सगळ्या नात्यात फिरलं. मॅडमच्या कानावर आलं तेव्हा त्या स्वतः वैदेहीकडे गेल्या. तिच्याशेजारी बसून, बावीस बॅचेसना शिकवलं तसं शांतपणे सांगितलं. डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात अश्रूंची ग्रंथी असते, तिचंही लाळग्रंथींसारखंच झालं आहे, ती सुकली आहे. मला रडायचं असतं, पण पाणी येत नाही.

वैदेहीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “वहिनी, माझं शिक्षण नाही तुमच्याएवढं. पण मन भरून आलं की पाणी येतंच. त्याला ग्रंथी कशाला लागतात?”

मॅडमनी बाटलीतून एक घोट घेतला आणि त्या उठल्या.

दिवसकार्यासाठी थांबलेला केयूर परत जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला म्हटलं, “तू आत्याला एकदा सांग ना. तुझं ऐकेल ती.”

“आई, मला माहीत आहे गं तुझा आजार. पण आता विषय काढला की तो वाढेल. जाऊ दे ना.” त्यानं बॅग उचलली, वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

घरात एकट्या झाल्यावर मॅडमना स्वतःचीच शंका यायला लागली. रडून माणूस मोकळा होतो म्हणतात. त्या मोकळ्या झाल्याच नाहीत. महिना गेला, तीन महिने गेले, छातीत बसलेला दगड जागचा हलला नाही. वसंतरावांचा शर्ट हातात घेऊन त्या बसून राहायच्या आणि डोळे चोळायच्या. मग डोळे लाल व्हायचे, दुखायचे, आणि थेंब घालावे लागायचे. थेंब घालताना दर वेळी त्यांना वैदेही दारात उभी दिसायची.

पुढच्या सत्रात वर्गात शब्द फुटेनासे झाले. जीभ टाळूला चिकटून सुटताना टक् टक् आवाज व्हायचा. पहिल्या बाकावर बसणारी वैभवी नावाची कुहीकडची मुलगी न विचारता पाण्याचा ग्लास भरून ठेवायची. मागच्या बाकांवर खुसखुस चालायची. लाळग्रंथींचा धडा आला त्या दिवशी मॅडम दहा मिनिटं बोलल्या, मग आवाज बसला. उरलेला धडा त्यांनी फळ्यावर लिहून काढला आणि मुलींनी तो उतरवून घेतला. मार्चमध्ये प्राचार्य सुशील सरांनी त्यांना बोलावलं.

“मॅडम, मुली म्हणून राहिल्या की ऐकू येत नाही. मला फार वाईट वाटतं. पण परीक्षा तोंडावर आहेत.”

“बरोबर आहे त्यांचं,” मॅडम म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

उरलेले दात त्या वर्षी काढले. कवळी बसवली, पण कवळी धरून ठेवायलाही लाळेचा थर लागतो. तोंड उघडलं की ती खाली यायची, हिरड्या सोलवटायच्या. चार महिन्यांनी त्यांनी ती पाण्याच्या डब्यात ठेवली आणि डब्याला झाकण लावलं. स्वयंपाकाला केयूरनं कांताबाई लावून दिली. कांताबाई भात शिजवायची, वरणात कालवायची, मिक्सरमधून काढायची. एक दिवस तिनं विचारलं, “मॅडम, मीठ बराबर हाय का वं माय?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. चव कळून कितीतरी दिवस झाले होते.

लग्नाकार्यात जाणं त्यांनी बंद केलं. चार माणसांत बसून भांड्यातलं पातळ पीत राहणं नको वाटायचं. फोनवर बोलणंही कमी झालं. केयूर विचारायचा, त्या हूं म्हणायच्या.

गेल्या पावसाळ्यात उजव्या कानासमोरची ती जुनी सूज परत आली. या वेळी ती ओसरली नाही, कडक झाली. डॉक्टर विश्वनाथ बोटांनी चाचपत बराच वेळ थांबले. या आजारात काही जणांच्या ग्रंथीत पुढे कॅन्सर होतो, हे मॅडमना वाचून ठाऊक होतं.  डॉक्टरांनी गाठ तपासायला मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तिथल्या बाकावर नंबर लागायची वाट बघत असताना पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी समोर येऊन थांबली.

“मॅडम? मी वैभवी. वळखलं नाही का?”

मॅडमनी मान हलवून ओळखलं असं सांगितलं आणि बाटलीतून घोट घेतला.

वैभवी शेजारी बसली. फाईल तिनं स्वतःच उघडून वाचली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. तीन वर्षं ती वॉर्डात होती, कागद वाचता येत होता.

“मॅडम, तुमी एकट्याच काहून आल्या? कोणी संग नाही?”

“मुलगा बेंगळुरूला असतो.”

“याले औषध नाही का काही?”

“नाही.”

वैभवीनं फाईल मिटली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, भरभर, गालांवरून गणवेशाच्या कॉलरवर. ती पुसतही नव्हती. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना तिची समजूत घालावीशी वाटली, पण जीभ चिकटली होती, म्हणून त्यांनी नुसता तिच्या हातावर हात ठेवला. आतून कुणीतरी वैभवीला हाक मारली. ड्यूटी होती. “मी येतो मॅडम, दुपारी पाहतो तुमाले,” म्हणून ती गेली. दुपारपर्यंत मॅडमच्या गाठीचा तुकडा तपासायला घेऊन झाला होता, आणि आपल्याला बघून कुणी पुन्हा रडावं असं त्यांना वाटेना. त्या रिक्षा करून घरी आल्या.

गाठ कॅन्सरची निघाली नाही. आता तरी नाही, असं डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी दाखवत जा. केयूरला फोनवर फार आनंद झाला. तो म्हणाला, “सुटलो आई.” मॅडम हूं म्हणाल्या.

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. कांताबाईनं वाटीत कालवून ठेवलेलं गार झालं होतं. त्यांनी त्यात आणखी थोडं पाणी घातलं, ढवळलं, आणि उभ्या उभ्याच एक एक चमचा गिळायला लागल्या. प्रत्येक चमच्यामागे पाण्याचा घोट, मग पुढचा चमचा. अर्धी वाटी व्हायला पाऊण तास लागला. उरलेली त्यांनी झाकून ठेवली.