मागे ठेवलेली वस्तू

शॅलोमकाका कुणाच्याही घरून निघताना काहीतरी विसरत. कधी छत्री, कधी चष्म्याचं घर. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. लंडनच्या क्रॉयडनमध्ये चाळीस वर्षं काढूनही मराठी तिकडचीच. "विसरलेली वस्तू माणसाला परत बोलावते रे," म्हणायचे. मला ते म्हातारपण वाटे.

लंडनजवळच्याच स्लाऊमधला माझा मिरचीचा धंदा मी शून्यातून उभा केला, तो एका डावावर. सौदा अडला की पाठ फिरवून चालू लागायचं. समोरचा हाक मारतोच.

मिरची बघायला अमेरिकेत न्यू मेक्सिकोला निघालो, तेव्हा काका हट्टानं बरोबर आले. स्पॅनिश अमलातला जुना व्यापारी रस्ता त्यांना पाहायचा होता. मेक्सिकोहून गाड्यांचे तांडे त्यावरून उत्तरेला जात. त्यातल्या एका बिनपाण्याच्या टप्प्याचं नावच 'मेलेल्या माणसाची मजल'. नेमका तिथंच आमच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, पुढं रस्ता खराब आहे, इथूनच परतू. ठरलं होतं शेवटपर्यंत जायचं. मी भडकलो, उतरलो, चालू लागलो. मागोमाग काकाही उतरले.

हाक आली नाही. गाडी गेली, डिकीतल्या पाण्यासकट.

धूळ खाली बसली. फोनला रेंज नव्हती. नजर जाईल तिथवर काटेरी झुडपं.

"काका, तुमची हृदयाची औषधं?"

"पिशवीत."

"आणि पिशवी?"

"गाडीत राहिली."

 त्यांचे ओठ काळे पडतायत असं वाटून मी सारखी त्यांची नाडी धरत होतो. ते मात्र त्यांच्या प्रेषिताला, एलियाहू हनाबीला, मलिद्याच्या नैवेद्याचा नवस बोलत होते. "पोहे, खोबरं, गूळ, पाच फळं. तू मध्ये घासाघीस करू नकोस, हा माझा सौदा आहे."

तासाभरानं लांबवर धूळ उठली. ड्रायव्हर पिशवी द्यायला परत आला होता.

"आजाऱ्याची औषधं कोण ठेवून घेतो?" काका गाडीत बसत म्हणाले. "पाठ फिरवायची तर एक वस्तू मागे ठेवावी, विलास."

"म्हणजे मुद्दाम? मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू घाबरला नसतास."

क्रॉयडनला मलिद्याच्या दिवशी त्यांनी हा किस्सा घरभर माणसांसमोर, माझी नक्कल करून सांगितला. लोक पोट धरून हसले. मी मलिदा न खाताच उठलो. काका मलिद्याची ताटली घेऊन माझ्या गाडीत येऊन बसले. "रागावलास होय रे?" मी गाडी सुरू केली. ते उतरले.

घरी पोचल्यावर सीटवर त्यांची लोकरी टोपी दिसली. मला कळलं. तरी म्हटलं, करू दे त्यांनाच फोन.

तीन आठवड्यांनी फोन आला, त्यांच्या मुलीचा.

दफनाला टोपी घेऊन गेलो.  ती मुलीच्या हातात दिली आणि पाठ फिरवून चालू लागलो. फाटकापर्यंत अगदी हळू चाललो. हाक आली नाही.