टोपलीवाल्याचा घास

आमच्या घरात भाजी खारट झाली की एक शब्द ठरलेला आहे: ‘कडू हाताची’. मुलगा सुनेला चिडवताना तो वापरतो, नात आईला वापरते. सूनही आमटीची चव घेऊन कपाळाला हात लावते, “झाले बाई मी कडू हाताची.” हा शब्द कुठून आला ते त्यांना ठाऊक नाही. आजीच्या तोंडचा, गावाकडचा, गमतीचा म्हणून तो चालत आला आहे. ते हसतात तेव्हा मीही हसत आलो.

गेल्या श्रावणात नाशिकला एका सभागृहात रानभाज्यांचा महोत्सव भरला होता. नातीला कॉलेजात जुन्या पदार्थांवर काही लिहायचे होते, म्हणून ती मला घेऊन गेली. “आबा, तुम्ही सुरगाण्याकडचे. शेजारी उभे राहिलात तरी पुरे, मला दोन भाज्या जास्त कळतील.”

आत गर्दी होती. नागलीच्या भाकरी, खुरासणीची चटणी, वरईचा भात. आम्ही लहानपणी जे लाज वाटून लपवून खायचो, त्यासाठी मोटारींतून आलेली माणसे रांगेत उभी होती. एका बाईंनी विचारले, “यात ग्लूटेन नाही ना?” भाकरी थापणारी म्हणाली, “नाय ताई, निस्ती नागली हाय.” नात खुदकन हसली.

शेवटच्या टेबलावर कडूकंद होता. पातळ काप, उकडलेले, पळसाच्या द्रोणात. मागे पन्नाशीची एक बाई बसली होती. मी द्रोण हातात घेतला तेवढ्यात ती म्हणाली, “थांबा बाबा. आधी मी.” तिने एक काप तोंडात टाकला, चावून गिळला आणि गप्प बसून राहिली.

“मावशी, तुम्ही का आधी?” नातीने विचारले.

“रीत हाय आमची. राख घालील तिनं आधी खायाचं. टोपलीवाला गोड म्हनला तरी त्याच्यावर भरोसा नाय ठेवायचा.”

माइक घेऊन फिरणारा एक तरुण हे ऐकून धावत आला. “ऐकलंत? हजारो वर्षांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे हे!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातीने ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

माझ्या हातातला द्रोण खाली पडला. ही रीत हजारो वर्षांची नव्हती. माझ्या हयातीतली होती, आणि ती का पडली हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होते.

मूळ रीत बरोबर उलटी. आषाढात आमच्याकडच्या कणग्या रिकाम्या होत, आणि नागली हाताशी यायला दिवाळी उजाडे. मधल्या त्या दिवसांचे अन्न म्हणजे कडूकंद. तो विषारी. काप करायचे, राख घालून उकळायचे, मग बांबूच्या टोपलीत घालून रात्रभर ओहळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे विष वाहून जाते. साठलेल्या पाण्यात ते जात नाही. सकाळी मिठात पुन्हा उकडून खायचे. ज्याने टोपली पाण्यात ठेवली त्याने पहिला घास खायचा आणि बाकीच्यांची पाने वाढून होईपर्यंत थांबायचे, कारण विष राहिले असेल तर जिभेला लगेच कळत नाही, मागाहून घशाला टोचते. टोचले नाही तर त्याने एकच शब्द बोलायचा: ‘गोड’. खरे म्हणजे कडूकंद कधीच गोड लागत नाही. पण ‘गोड’ म्हटले की घरातल्यांनी खायला सुरुवात करायची. भुकेल्या घराने एका माणसाच्या शब्दावर टाकलेला तो विश्वास होता.

मला मिसरूड फुटू लागले होते तेव्हा टोपलीचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच वर्षी ओहळाला पाणी चढले आणि टोपली वाहून गेली. त्या दिवशी घरातले सगळे पाणी पिऊन झोपले. वडील मला काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मारले असते तर बरे झाले असते. पुढच्या वर्षी पुन्हा पाणी चढलेले पाहिले आणि मी टोपली ओहळाच्या कडेच्या डबक्यात ठेवली. तिथून ती वाहून जाणार नव्हती. एवढाच विचार केला होता, देवाशप्पथ. पहाटे मात्र ती उचलून वाहत्या पाण्यात नेऊन ठेवली, डबक्याचे कोणाला कळू नये म्हणून. तिथून पुढचे सगळे मी समजून उमजून केले.

रांधायला काकी होती, धाकट्या काकाची बायको. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूल नव्हते. तिने पहिला घास माझ्यापुढे केला. मी खाल्ला. पाने वाढली जात होती आणि माझ्या घशाला आतून काटे टोचू लागले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वडीलही.

मी म्हणालो, “गोड.”

पोट दुखते म्हणून मी पुढे खाल्ले नाही. आज्याला दात नव्हते, मऊ म्हणून त्यानेच सर्वांत जास्त खाल्ले. दुपारपासून घरभर उलट्या सुरू झाल्या. बाकीचे वाचले, आजा गेला.

राख काकीने घातली होती. ती कमी पडली असे घरात ठरले. ओटीवर बसून कोणीतरी म्हणाले, “हाताला कडू हाय तिच्या.” त्यानंतर तिच्या हातचे पाणीही कोणी घेईना. पुढे काका तिला माहेरी सोडून आला आणि त्याने दुसरी बायको केली. आमच्या घरातून कडूकंद हद्दपार झाला. मी शिकलो, नाशिकला पाटबंधारे खात्यात लागलो, आणि गंमत बघा, जन्मभर वाहत्या पाण्याची मोजमापे लिहीत बसलो.

हे सगळे त्या टेबलासमोर उभ्याउभ्या डोळ्यांपुढून गेले. नात विचारत होती, “आबा, चक्कर आली का?” मी त्या बाईला तिचे गाव विचारले. तिने सांगितले. ते काकीचे माहेर होते.

“ही रीत तुमच्याकडे कोणी घातली?”

“आमच्या आत्यानं. सासरहून आली ती हे घेऊनच. आता गावात समदी तसंच करत्यात.”

“आत्या... आहे अजून?”

“हाय की! दात नाय ऱ्हायलं, पन जीभ हाय,” असे म्हणून ती हसली.

काकी केव्हाच गेली असेल असे मी धरून चाललो होतो. खरे सांगायचे तर ते मला सोयीचे होते.

दोनच दिवसांनी मी एसटीने निघालो. घरी सांगितले, जुन्या मित्राला भेटायला जातो. घाटात बस वळणे घेत होती आणि मी मनात वाक्ये जुळवत होतो. कशी सुरुवात करायची, कुठे माफी मागायची. गावात पोचलो तर काकी ओटीवर खुरासणी निवडत बसली होती. अगदी लहान होऊन गेली होती. मी नाव सांगितले. तिने मान वर केली, बराच वेळ न्याहाळले.

“म्हातारा झालास की रं. बस. च्या ठेवायला सांगू का? मी नाय ठेवत, भिऊ नको.”

जुळवलेली वाक्ये सगळी गेली. मी एकदम म्हणालो, “काकी, टोपली मी डबक्यात ठेवली होती.”

तिचा हात सुपात फिरतच राहिला. “ठावं हाय.”

“ठाऊक आहे?”

“टोपलीच्या विणीत गाळ होता. मला वाटलं, पुराचं पानी, आसंल गढूळ. त्यात तू गोड म्हनलास. मंग मी कशापायी संशय घिऊ? आजा गेल्यावर डबक्यावर गेले. चिखलात टोपलीच्या बुडाचा गोल उठला होता, ताटावानी.”

“मग बोलली का नाहीस?”

“टोपली समद्यांना दावायला घरी आले ना. बघते तर टोपली राखेनं घासूनपुसून खुंटीला टांगलेली. तुझी आई तिथंच हुभी.”

“आई?”

“मला घरामागं नेलं आन माझं पाय धरलं तिनं. थोरली जाव माझी, माझं पाय धरती! म्हनली, माझं एकलंच पोर हाय, जलमभर त्यानं आज्याला मारलं म्हनतील. तुला काय, पोर ना बाळ, तू कुटंबी जाशील.”

मी ओटीच्या खांबाला धरून बसलो. माझी आई. नाशिकच्या घरात भिंतीवर जिचा फोटो आहे, ज्याला सून दर सणाला हार घालते, ती. पन्नासहून अधिक वर्षे मी समजत होतो की ही गोष्ट जगात मला एकट्याला ठाऊक आहे. आईला ठाऊक होते. काकीला ठाऊक होते. फक्त माझ्याशी कोणी बोलले नव्हते. आणि ‘कडू हाताची’ हा शब्द आमच्या घरात आजपर्यंत जिवंत ठेवला तो आईनेच. सुनेची पहिली भाजी खारट झाली तेव्हा तो शब्द आईच बोलली होती. मी तिथेच जेवत होतो.

“पाय धरल्यावर मी गप ऱ्हायले,” काकी म्हणाली. “मला वाटलं, पोरगं मोठं झालं की सांगंल.”

मी तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.

एवढ्यात महोत्सवातली ती बाई, काकीची भाची, आतून द्रोण घेऊन आली. कडूकंदच होता. माझा हात सवयीने पुढे गेला. “राख मी घातली,” म्हणत काकीने तो बाजूला सारला, एक काप स्वतः तोंडात टाकला आणि दात नसलेल्या हिरड्यांनी बराच वेळ चघळत राहिली. मग थांबली. आम्ही तिघेही थांबलो. भाचीने आधी खाल्ले, दारात जमलेल्या घरच्या पोरांना दिले, आणि शेवटचा काप माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. घशाला काही टोचले नाही, तरी डोळ्यांना पाणी आले.

“माफ कर,” मी म्हणालो.

“मला कशाला सांगतोस? मला ठावं व्हतं,” काकी म्हणाली. “जिथं मला कडू म्हनत्यात तिथं सांग.”

परत आलो आणि चार दिवस काहीच बोललो नाही. हिंमत होईना. काकीची बाजू सांगायची तर आईचा फोटो मध्ये येत होता. पाचव्या दिवशी रात्री जेवताना आमटी खारट झाली. मुलाने भुरका मारला आणि तोंड उघडले, “आज पुन्हा कडू हा...”

“थांब,” मी म्हणालो, आणि सगळे सांगितले. डबके, गोड, आजा, काकी. आईने टोपली घासली हेही. मुलगा आधी माझ्याकडे बघत होता, मग भिंतीवरच्या फोटोकडे बघू लागला, मग कुठेच बघेना. “आजीनं?” एवढेच तो म्हणाला, तेही दोनदा. सुनेच्या हातात पळी तशीच राहिली होती. लग्न होऊन आल्या दिवसापासून तो शब्द ती स्वतःवर घेऊन हसत आली होती. तिने पळी खाली ठेवली आणि आत निघून गेली.

नातीने हळूच आपली वही आणली. हजारो वर्षांचे शहाणपण लिहिलेले पान काढले, त्यावर आडवी रेघ मारली, आणि मला विचारले, “आबा, मग आता आमटी खारट झाली तर काय म्हणायचं?”

“खारट झाली म्हणायचं,” मी म्हणालो.