उजवा परत उघडते

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे शंकासूर म्हणतात. कुलूप लावलं की ओढून बघणार आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढणार. बुटांच्या कारखान्यात ती प्रोग्राम लिहिते. पायाची मापं कॉम्प्युटरमध्ये घालायची, त्यावरून मशीन लाकडी साचा कोरतं आणि साच्यावर बूट बेततात.

माझ्या लेकीचा डावा पाय जन्मापासून लहान. आजवर दुकानातला जोड आणायचा आणि डाव्या बुटात मी कापूस कोंबायचा. येत्या सोमवारी ती दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होणार होती. दिवसभर पायांवर राहणं कापसाच्या बुटात जमणार नव्हतं. पोरगी धास्तावली होती. बुधवारी आत्याने तिला कारखान्यात बोलावलं, मीही शेपटासारखी गेले.

नणंदेने उजव्या पायाची मापं घातली, त्यांची कॉपी केली आणि कॉपीतले आकडे कमी करून डावा पाय बसवला. पडद्यावर डावा अगदी बरोबर. कारागीर लाकडाचा ठोकळा लावून तयार. तेवढ्यात ही म्हणाली, "थांबा. उजवा परत उघडते."

माझं डोकंच फिरलं. "अगं, उजव्याला हात तरी लावलायस का? किती कीस काढशील?"

तिने उघडला. उजवाही लहान झालेला.

"चूक माझीच," ती शांतपणे म्हणाली. "कॉपी झाली ती नुसती नावाची. आतला मापांचा तक्ता दोघांचा एकच राहिला. वहिनी, घराची दुसरी किल्ली केली म्हणून दुसरं घर होतं का? एका किल्लीवाल्याने भिंत पाडली, तर दुसऱ्यालाही ती पडलेलीच दिसणार."

तिने प्रोग्राम दुरुस्त केला, उजवा पाय नव्याने मोजला आणि कॉपी करताना एकेक माप वेगळं उतरवलं. मग डावा लहान केला आणि उजवा परत उघडला. या वेळी तो जसाच्या तसा होता. तरी तिने आणखी एकदा उघडलाच. मग कुठे मशीन सुरू झालं.

सोमवारी लेक नवे बूट घालून निघाली, तेव्हा मी सवयीने तिच्या पर्समध्ये कापसाची पुडी टाकली. संध्याकाळी ती बूट न काढताच स्वयंपाकघरात आली आणि पुडी माझ्या हातात ठेवली. फोडलेलीही नव्हती.

"आई, हा कापूस आता कुणाला खरचटलं तर वापर."

मला रडू आवरेना. तसाच नणंदेला फोन लावला, म्हटलं, डावा झकास बसलाय.

"आणि उजवा? विचारलंस?"

नव्हतं विचारलं. उठले आणि विचारून आले.